विश्लेषण : कॉलेजच्या ग्रुपमध्ये ‘आपला’ कोण? समलिंगी विद्यार्थी, हॉस्टेलची विंग आणि हमीपत्रामागची न वाचलेली ओळ

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला, की वर्सोवा, यारी रोड, सात बंगला या पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एक, ‘पीजी पाहिजे, मेट्रोजवळ’. दुसरा, ‘आम्ही तिघे आहोत, चौथा रूममेट पाहिजे’. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि पश्चिम व मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरची कॉलेजं इथे राहणाऱ्यांच्या टप्प्यात आली. राजीव गांधी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तर वर्सोव्यातच आहे. भवन्सचा कॅम्पस डी. एन. नगरजवळ, मिठीबाई आणि एनएमआयएमएस विलेपार्ल्यात. सांगली, नांदेड, जळगावहून आलेला मुलगा इथे आधी कॉट शोधतो, मग डबा आणि मग ग्रुप. ग्रुप मिळाला की बाकीचं आपोआप मिळतं. नोट्स, प्रॉक्सी, महिनाअखेरची उधारी आणि रात्री ताप भरला तर मेडिकलमधून गोळी आणून देणारा माणूस.

हा मुलगा समलिंगी असेल, तर त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. ग्रुपला सांगायचं का? सांगितलं तर ग्रुप राहील का, कॉट राहील का आणि बातमी गावी किती दिवसांत पोहोचेल?

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघेही रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून देतात. मोबाइलवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट, सबमिट’ इतक्यात ते संपतं. त्या हमीपत्रामागच्या नियमात २०१६ पासून एक ओळ आहे. लैंगिक कलावरून एखाद्या विद्यार्थ्याचा छळ करणं, त्याच्यावर दादागिरी करणं किंवा त्याला वगळणं, म्हणजे रॅगिंग. कागदावर हे संरक्षण भक्कम आहे. पण ते मिळवण्याची वाट अशी आहे, की ज्याला आपली ओळख झाकून ठेवायची आहे, त्याला ती आधी उघड करावी लागते. हा गुंता समजून घ्यायचा तर हाच वाद अनेक वर्षं चाललेल्या अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटींपासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

फ्रॅटर्निटी-सोरोरिटी हा काय प्रकार आहे?

हॉलिवूडच्या सिनेमात मोठं घर, दारावर ग्रीक अक्षरं आणि आत चाललेली पार्टी दिसते, ती फ्रॅटर्निटी. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ ही ग्रीक अक्षरांची पहिली संघटना स्थापन झाली. तेव्हा ती गुप्त वादविवाद मंडळासारखी होती, आज ती हुशार विद्यार्थ्यांना मिळणारा मान म्हणून ओळखली जाते. आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात त्या सामाजिक मंडळांची सुरुवात १८२५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात झाली. मुलींसाठी ‘कॅपा अल्फा थीटा’ १८७० मध्ये आली.

यात शिरण्याची पद्धत ठरलेली असते. सत्राच्या सुरुवातीला ‘रश’, म्हणजे नव्या मुलांनी घरोघर जाऊन सीनियरना भेटायचं. मग सीनियर बंद दाराआड ठरवतात कोण हवा आणि कोण नको. हव्या असलेल्यांना ‘बिड’ म्हणजे आमंत्रण मिळतं. मग काही आठवडे उमेदवारी आणि शेवटी शपथ. बदल्यात राहायला घर, आठवड्याच्या पार्ट्या आणि पुढे नोकरीच्या वेळी उपयोगी पडणारे माजी सदस्य. उमेदवारीच्या काळात जे करायला लावतात त्याला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याला रॅगिंग म्हणतात. पेन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये अशाच एका रात्री बेसुमार दारू पाजलेल्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि देश हादरला. तरीही हेझिंगच्या घटना जाहीर करणं कॉलेजांवर बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

मुद्दा मात्र त्या बंद दाराचा आहे. सुरुवातीची कित्येक दशकं या घरांमध्ये गोऱ्या ख्रिस्ती मुलांशिवाय फारसं कोणी नसे. ज्यांना दार बंद होतं त्यांनी स्वतःची घरं उभी केली. ज्यू विद्यार्थ्यांनी १८९८ मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉर्नेलमध्ये १९०६ मध्ये ‘अल्फा फाय अल्फा’च्या रूपाने. भारतीय वंशाची मुलंही याच वाटेने गेली. १९९४ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठात ‘आयोटा न्यू डेल्टा’ ही दक्षिण आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी निघाली, १९९८ मध्ये ह्यूस्टनला ‘डेल्टा फाय ओमेगा’ ही मुलींची. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना ही नावं नवी नाहीत.

समलिंगी सदस्यांना तिथे जागा कशी मिळाली?

आधी याच रीतीने, वेगळं घर बांधून. १९८६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘डेल्टा लॅम्डा फाय’ ही समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांसाठीची फ्रॅटर्निटी स्थापन झाली. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘लॅम्डा डेल्टा लॅम्डा’ ही लेस्बियन विद्यार्थिनींची सोरोरिटी आली. दुसरी वाट जुन्या घरांच्या आतूनच निघाली. १९९५ मध्ये इंडियाना विद्यापीठात ‘लॅम्डा १०’ हा प्रकल्प सुरू झाला. फ्रॅटर्निटीत आधीपासूनच असलेल्या, पण गप्प राहिलेल्या समलिंगी सदस्यांना बोलतं करणं हे त्याचं काम. १९९८ मध्ये अशा सदस्यांच्या अनुभवांचं पुस्तक आलं, तेव्हा या ‘भावां’मध्ये समलिंगी मुलं नाहीत असं म्हणणं अवघड झालं. ती होतीच. फक्त त्यांनी शपथेच्या वेळी एक गोष्ट सांगितलेली नव्हती.

तिथल्या कायद्याची गंमत अशी, की त्याने या दारावर कधी थेट हात घातला नाही. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ १९७२ मध्ये आला आणि १९७४ मध्येच फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या सदस्यत्वाला त्यातून सूट मिळाली. पुढे २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉय स्काउट्सच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की खासगी संघटना समलिंगी व्यक्तीला नेतृत्वाच्या जागेवरून दूर ठेवू शकते. कोणाला घ्यायचं हे ठरवणं हे तिचं स्वातंत्र्य. तेच तत्त्व २०२३ मध्ये उलट्या बाजूने चाललं. वायोमिंग विद्यापीठातल्या ‘कॅपा कॅपा गॅमा’ या सोरोरिटीने एका ट्रान्स विद्यार्थिनीला सदस्य करून घेतलं. काही सदस्य कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी खटला फेटाळला. सोरोरिटीने आपली सदस्य कोणाला मानायचं, यात कोर्ट पडणार नाही, असं त्या निकालाचं सार होतं. म्हणजे ज्या किल्लीने दार बंद करता येत होतं, तिनेच ते उघडताही आलं. किल्ली आतल्यांच्या हातात राहिली.

मुंबईत फ्रॅटर्निटी नाही, मग काय आहे?

मुंबईतली बहुतेक कॉलेजं लोकलने येणाऱ्यांची. आठ-सव्वीसची ट्रेन पकडणाऱ्याला ग्रीक अक्षरांचं घर परवडणारं नाही. तरीही ‘आपला कोण’ हे ठरवणाऱ्या जागा इथेही आहेत आणि त्या तितक्याच कडक आहेत.

पहिली, हॉस्टेलची विंग. पवईच्या आयआयटीत एका मजल्याच्या एका बाजूच्या खोल्या म्हणजे विंग. ‘विंगी’ हे नातं पदवीनंतरही टिकतं. लग्नाच्या आमंत्रणांपासून स्टार्टअपपर्यंत. ‘छिछोरे’ या २०१९ च्या सिनेमात हे जग मोठ्या पडद्यावर आलं. आयआयटी मुंबईचेच माजी विद्यार्थी नितेश तिवारी त्याचे दिग्दर्शक. त्यातली टोपणनावं आठवून पाहा. घरच्या आठवणीने हळवा होणाऱ्या मुलाला ‘मम्मी’. सिनेमात ते गोड वाटतं. पण हॉस्टेलमध्ये टोपणनाव कोण ठेवतं आणि कोणाला ते चार वर्षं चालवून घ्यावं लागतं, यावरून तिथली उतरंड कळते. चालण्याबोलण्यात जरा नाजूक असलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात जे नाव पडतं, ते बहुतेकदा ‘मम्मी’इतकं सौम्य नसतं. ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ हे शब्द ज्याने मराठी शाळेच्या शेवटच्या बाकावर ऐकले नाहीत असा मुलगा विरळा.

दुसरी जागा, फेस्टिव्हल. आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ १९७१ पासून, झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून सुरू आहे. मिठीबाईचा ‘क्षितिज’ही उपनगरांत सगळ्यांना ठाऊक. ओसी, म्हणजे आयोजन समितीत शिरण्यासाठी सीनियर मुलाखती घेतात, रात्र-रात्र काम करवून घेतात आणि पुढच्या वर्षी पद कोणाला द्यायचं हेही तेच ठरवतात. दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला जाणाऱ्या पथकाचा ‘सीएल’ हा त्या वर्षापुरता छोटा राजाच. रश, बिड आणि उमेदवारी हे सगळं इथे आहे, फक्त ही नावं नाहीत.

तिसरी जागा खास मराठी. एकांकिकेची टीम. ‘आयएनटी’, ‘सवाई’, ‘लोकांकिका’ यांच्या तालमींत दोन-तीन महिने एकत्र घालवलेली दहा-पंधरा मुलं. वर्सोव्याच्या आराम नगरमधल्या तालमीच्या जागांपर्यंत पोहोचलेल्या अनेकांचा प्रवास अशाच एखाद्या टीमपासून सुरू झालेला असतो. नाटक आणि नाच या ग्रुपमध्ये वेगळ्या वागण्या-बोलण्याच्या मुलांना इतर ठिकाणांपेक्षा लवकर जागा मिळते, असं नेहमी म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. मात्र ही जागा अनेकदा कलागुणांच्या बदल्यात असते. छान नाचतो म्हणून चालतो. त्याच मुलाला क्रिकेटच्या टीममध्ये कोणी विचारत नाही.

मराठी रंगभूमीने हा विषय कॉलेजच्या आवारातच पहिल्यांदा ठळकपणे मांडला होता, हे इथे सांगायला हवं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत होत्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली कॉलेजकन्यका, कॉलेजच्याच नाटकात पुरुषाची भूमिका करताना सहकलाकार मुलीच्या प्रेमात पडते. शेवट शोकान्त आहे. त्याच मराठी प्रेक्षकाने २०१३ मध्ये ‘दुनियादारी’तली कट्टा गँग डोक्यावर घेतली. मैत्री, मारामारी, प्रेम सगळं असलेल्या त्या कट्ट्यावर मित्रासारख्या कोणाला बसायला जागा असती का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचं फारसं आठवत नाही.

मुलींच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे. दोन मैत्रिणींना एका खोलीत राहायला वर्सोव्यात कोणी हरकत घेत नाही. घरमालकांना उलट तेच हवं असतं. त्यामुळे लेस्बियन मुलींना आडोसा सहज मिळतो, पण त्यांच्या नात्याला नाव मिळत नाही. आणि घरी स्थळं बघायला सुरुवात झाली, की तो आडोसाही संपतो.

मुंबईने अशी गुप्त मंडळं पाहिलीच नाहीत का?

पाहिली होती, आणि त्यातलं एक या विषयाला अगदी जवळचं आहे. १८४९ मध्ये मुंबईत ‘परमहंस मंडळी’ स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर ही त्यातली नावं. जातिभेद मोडायचा हा उद्देश, पण समाजाच्या भीतीने सगळं गुप्त. नव्या सदस्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. फ्रॅटर्निटीच्या दीक्षेसारखाच प्रकार, फक्त हेतू उलटा. इथे भिंत पाडण्याची शपथ होती. १८६० च्या सुमारास सदस्यांची यादी चोरीला गेली. नावं फुटणार या भीतीने मंडळी पांगली आणि संस्था संपली. सुधारणेचे विचार कोणाला पटेनासे झाले होते असं नाही. घरी आणि जातीत कळणार, एवढंच पुरेसं होतं.

यादी फुटण्याची ही भीती आज कॉलेजमधल्या समलिंगी मुलांना जशीच्या तशी आहे. फरक इतकाच, की यादी चोरायला आता कपाट फोडावं लागत नाही. डेटिंग अ‍ॅपवरच्या प्रोफाइलचा एक स्क्रीनशॉट पुरतो.

‘साथी’चा मार्ग

अमेरिकेत वेगळी घरं बांधली गेली, मुंबईत कॅम्पसवर ग्रुप तयार झाले. त्यातला सर्वांत परिचित म्हणजे आयआयटी मुंबईतला ‘साथी’. हा एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांचा ग्रुप २०११ मध्ये सुरू झाला. ते साल महत्त्वाचं आहे. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ ची धार काढली होती आणि ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. मधल्या साडेचार वर्षांच्या फटीत ‘साथी’ जन्माला आला. २०१३ नंतर, म्हणजे समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरल्यानंतरही, तो बंद पडला नाही.

पुढे कॅम्पसवरच्या अशा ग्रुपांचा थेट कायद्यावर परिणाम झाला. वेगवेगळ्या आयआयटींमधल्या आजी-माजी एलजीबीटी विद्यार्थ्यांच्या ‘प्रवृत्ती’ या जाळ्यातल्या २० जणांनी मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने याचिका केली. जेईईची रँक, पदवी, नोकरी सगळं असलेली ही मुलं ‘आम्ही गुन्हेगार आहोत का’ असं विचारत होती. ६ सप्टेंबर २०१८ च्या ज्या निकालाने कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं, त्यात ही याचिकाही होती. एका अर्थाने तेही ‘विंगी’च होते. त्यांनी यादी स्वतःच जाहीर केली.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, विद्यार्थ्यांच्या क्वीअर गटाच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये स्त्री-पुरुष अशी अट नसलेली हॉस्टेलची जागा सुरू झाली. पण आयआयटी आणि टिस हे निवासी कॅम्पस आहेत. उपनगरातल्या संलग्न कॉलेजात, जिथे विद्यार्थी दुपारी दोनला ट्रेन पकडतो, तिथे असा ग्रुप उभा करायला ना जागा असते ना निरोप पुढे देणारी सीनियर बॅच. तिथल्या मुलांसाठी शहरातल्या संस्था आहेत. अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये उभारलेला ‘हमसफर ट्रस्ट’ आणि त्याचा ‘यारियाँ’ हा तरुणांचा गट ही त्यातली मुख्य नावं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेल्या ‘समपथिक ट्रस्ट’ने मराठीतून या विषयावर भरपूर लिहिलं-बोललं आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्याचा उपयोग इंग्रजी पोस्टरपेक्षा जास्त होतो.

हमीपत्रामागची ओळ नेमकं काय सांगते?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. जून २०१६ च्या तिसऱ्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत भर पडली. वर्ण, वंश, धर्म, जात, लिंग (ट्रान्सजेंडर धरून), लैंगिक कल, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक स्थिती यांपैकी कोणत्याही कारणावरून दुसऱ्या विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ, हे रॅगिंग आहे. त्यात दादागिरी आणि वगळणं हे दोन्ही शब्द स्पष्ट आहेत. शिवाय विद्यार्थी नवा असो वा जुना, फरक पडत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला त्याच्याच वर्गाने ‘तसला’ म्हणून बाजूला टाकलं, तरी ते यात बसतं.

म्हणजे फ्रॅटर्निटींना कायद्यातून सूट देणाऱ्या अमेरिकेपेक्षा या एका बाबतीत भारताचा नियम पुढे आहे. नियम फक्त कॅम्पसपुरता नाही, बाहेरच्या निवासाच्या जागा आणि प्रवासातली वाहनंही त्यात येतात. त्यामुळे छळ करणारा विद्यार्थी असेल तर यारी रोडच्या पीजीत घडलेला प्रकारही ‘कॉलेजबाहेरचा आहे’ म्हणून झटकता येत नाही. शिक्षेत वर्गातून निलंबन, हॉस्टेलमधून काढणं, निकाल रोखणं, प्रवेश रद्द करणं हे सगळं आहे. नेमका दोषी ओळखता आला नाही, तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. विंगमधल्या ‘आम्ही कोणीच काही पाहिलं नाही’ या ठरलेल्या उत्तरावर केलेला हा उपाय.

महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंग प्रतिबंध कायदा त्याही आधीचा, १९९९ चा. त्यात लैंगिक कलाचा उल्लेख नाही, पण चिडवणं, धमकावणं, लाज किंवा भीती वाटेल असं काही करणं हे सगळं व्याख्येत आहे. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते.

लैंगिक छळाच्या बाबतीत आयोगाचे २०१५ चे वेगळे नियम आहेत. प्रामुख्याने स्त्रियांसाठी असले, तरी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडू शकतात, हे त्यात मान्य केलेलं आहे. अनेक कॉलेजांतल्या मुलांना अजूनही वाटतं, की अंतर्गत तक्रार समिती फक्त मुलींसाठीच असते.

मग अडतं कुठे?

तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात. ‘मला जातीवरून बोलले’ असं लिहिताना विद्यार्थी नवीन काही उघड करत नाही, जात बहुतेकदा आडनावातच कळलेली असते. ‘मी गे आहे म्हणून मला ग्रुपमधून काढलं’ असं लिहिणारा मात्र त्या कागदावर कदाचित आयुष्यात पहिल्यांदा ते लिहीत असतो.

आणि तो कागद कोणापुढे जातो? नियमानुसार कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीत संस्थाप्रमुख, प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, पोलीस आणि नागरी प्रशासनाचे प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था, पालकांचे प्रतिनिधी, विद्यार्थी आणि स्थानिक प्रसारमाध्यमांचे प्रतिनिधी असतात. प्रकरण दडपलं जाऊ नये म्हणून ही रचना केली गेली आणि मारहाणीच्या प्रकरणात ती योग्यच आहे. पण ज्या मुलाला घरी कळण्याची भीती आहे, त्याच्यासाठी पालक, पोलीस आणि पत्रकार एका टेबलाभोवती बसलेले असणं हे दुःस्वप्न आहे. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत एफआयआर नोंदवायचा असतो. एकदा हे चाक फिरलं की थांबवणं तक्रारदाराच्या हातात राहत नाही. बऱ्याच मुलांनी पाऊल मागे घेतलं तर त्यांना भित्रं म्हणणं अन्यायाचं होईल. ते हिशेब करत असतात आणि हिशेब चुकीचा नसतो.

दुसरी अडचण ‘वगळणं’ या शब्दातच आहे. अमेरिकन फ्रॅटर्निटीत निदान मतदान होतं. वर्सोव्याच्या चार जणांच्या फ्लॅटमध्ये कोणी मत देत नाही. नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनतो, त्यात एक नंबर नसतो. लोणावळ्याचा प्लॅन ठरतो आणि एकाला तो इन्स्टाग्रामच्या स्टोरीवरून कळतो. फेस्टच्या ओसीत ‘या वर्षी जागा नाही’ असं उत्तर येतं. यातलं काय पुरावा म्हणून दाखवणार?

तिसरी अडचण घरमालक. रॅगिंगचे नियम विद्यार्थ्यांना लागू होतात, फ्लॅटच्या मालकाला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही. ‘फक्त व्हेज’, ‘बॅचलर नको’ या अटींची मुंबईला सवय आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींना भाड्याने घर नाकारण्यास २०१९ च्या कायद्याच्या कलम ३ ने मनाई केली. समलिंगी भाडेकरूसाठी खासगी घरमालकाला लागू होईल अशी तरतूद नाही. रूममेटने मालकाच्या कानावर घातलं आणि मालकाने ‘महिनाअखेर खोली रिकामी कर’ म्हटलं, तर मालकाविरुद्ध जायला वाट नाही. कानावर घालणारा विद्यार्थी असेल, तर त्याच्याविरुद्ध आहे.

स्वतःचं नाव पुढे न करता काय करता येतं?

नियमांतच काही फटी ठेवलेल्या आहेत, त्या माहीत असाव्यात. रॅगिंगची तक्रार पीडितानेच करावी असं नाही. साक्षीदारही करू शकतो आणि माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवणं संस्थेवर बंधनकारक आहे. म्हणजे ग्रुपमधला एखादा मित्र किंवा मैत्रीण ‘आमच्या विंगमध्ये अमुक प्रकारचं चिडवणं चालतं’ एवढंच कळवू शकते, कोणाला चिडवतात ते न सांगता. तक्रारीत कारण लिहिणंही सक्तीचं नाही. ‘मला चिडवतात, खोलीत येऊ देत नाहीत’ एवढी वस्तुस्थितीही व्याख्येत बसते. लैंगिक कलाचा मुद्दा मांडायचा की नाही, हे नंतर ठरवता येतं.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं सत्राच्या पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला निनावी सर्वेक्षण करावं, असंही २००९ च्या नियमांत आहे. कॉलेजने ते खरोखर घेतलं आणि प्रश्नावलीत ‘टोपणनाव’, ‘वगळणं’ असे शब्द साध्या मराठीत घातले, तर समितीला कोणाचंही नाव न कळता कोणत्या विंगमध्ये, कोणत्या वर्गात काय चाललं आहे हे कळू शकतं. विद्यार्थी प्रतिनिधी ही मागणी करू शकतात. त्यासाठी कोणालाच स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही.

समुपदेशकाकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. समलिंगी कल ‘बरा’ करण्याचे उपचार हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशांनंतर हे घडलं. कॉलेजच्या किंवा बाहेरच्या कोणी असा उपचार सुचवला, तर त्याला नाही म्हणायला हा आधार आहे.

पालकांसाठीही ओळखीचा दरवाजा आहे. ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ हा समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. समलिंगी विवाहाची सुनावणी सुरू असताना, एप्रिल २०२३ मध्ये, या गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टाने विवाहाचा हक्क नाकारला, गटाचं काम चालू आहे. हमीपत्रावर सही करणाऱ्या आईवडिलांपैकी काहींना कधी ना कधी अशा कोणाशी बोलावंसं वाटेल.

रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. क्रमांक १८००-१८०-५५२२. फोन कोणीही करू शकतं, रूममेटसुद्धा.